पदराबाहेरचे हात

आये, तुझं चित्र पुरं झालं. माणसाएवढ्या कागदावर तू बसली आहेस, काजू फोडायच्या कारखान्यात बसायचीस तशीच. एक गुडघा वर, साडी पोटऱ्यांपर्यंत खोचलेली. नाकडोळे मी चार रेघांत उरकलेत. साडीला हिरवा पेस्टल दिलाय, दाबून, ठसठशीत. आणि हात नुसत्या कोळशाने. काळेकुट्ट, पदराबाहेर.

धाकट्याला ते नकोत. जयगडला बंदरात नोकरी करून त्याने रत्नागिरीत घर घेतलं, परवा वास्तुशांत आहे. चित्र त्यानेच मागितलं होतं. बघितलं आणि तोंड वाकडं करून म्हणाला, "ताई, पाहुणे येणार. हात तेवढे पुस ना, वर पदर काढ. कोळसाच तर आहे." मी म्हटलं, जमणार नाही. "मग मी आयेचा फोटो लावतो." लाव म्हटलं, खुशाल लाव. फोटोत तुझे हात आहेतच कुठे? एकाही फोटोत नाहीत.

टरफलातलं तेल कातडी जाळायचं. तू राखेने घासायचीस, खोबरेल चोळायचीस, काळे ते काळेच राहायचे. शेजारच्या हळदीकुंकवाला मला घेऊन गेली होतीस, आठवतं? घरची बाई एकेकीच्या हातावर अत्तर लावत येते आहे. तुझ्यापाशी थांबते, हात बघते, आणि अत्तराचं बोट तुझ्या पदराला पुसून पुढे जाते. मी तिथल्या तिथे म्हणाले, "हाताला लावा की." तर तू मलाच चिमटा काढलास. येताना वाटेत म्हणालीस, "गप ऱ्हायला शीक गो बाय. आपले हात आपण झाकावे."

नाही शिकले. आग लागो त्या अत्तराला. त्या हातांनी आम्हाला जेवू घातलं, मला रंगांची पेटी आणून दिली, धाकट्याला शिकवून मार्गी लावलं, आणि आज त्याला त्याच हातांची लाज वाटते. त्याचा राग येतो आये, आणि खरं सांगू, तुझाही येतो. झाकायला आम्हाला तूच शिकवलंस. चोरी केली होतीस काय?

परवा मी चित्र घेऊन जाणार. लावायचं तर असंच लाव म्हणणार, नाहीतर माझ्या पडवीत टांगेन, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असं. तू असतीस तर धाकट्याचीच बाजू घेतली असतीस, ते मला ठाऊक आहे. घे. मी तुझंही ऐकलं नसतं.

हा कागद कुठे धाडायचा नाही, म्हणून एवढं सांगून टाकते. कोळसा नुसत्या बोटाने पुसला जातो. वरून औषधाचा फवारा मारला की पक्का बसतो, मग काही केल्या निघत नाही. तो फवारा मी हे लिहायला बसायच्या आधीच मारून घेतला. नाहीतर तुझ्याशी बोलता बोलता मीच ते हात पुसले असते.