जिन्यात अडकलेली मालकीणबाई

६ मार्च

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद.

पत्रास कारण, माझ्यावर झालेला घोर अन्याय. आमच्या वाचनमंडळाची रीत तुला ठाऊक आहे. पुस्तक एकच. दर बुधवारी माझ्या पडद्यांच्या दुकानात जमायचं, एकीने एक प्रकरण मोठ्याने वाचायचं, आणि पुढचं प्रकरण जिचं, तिच्या घरी पुस्तक जायचं. पुढे डोकावायचं नाही. सध्या एक जुनी, जाडजूड भयकादंबरी चालू आहे. ओसाड माळावरचं घर, वाऱ्याने आपटणारी दारं, आणि जिला सख्खा पुतण्या चारचौघांत वेडी ठरवतोय अशी म्हातारी मालकीणबाई. मागच्या खेपेला ती मेणबत्ती घेऊन जिन्यात आली, वरून कुणाचा तरी श्वास ऐकू आला, आणि प्रकरण संपलं! ती तिकडे जिन्यात उभी, मी इकडे गिऱ्हाइकांच्या पडद्यांना अस्तर लावतेय. याला काय न्याय म्हणायचा?

त्यात भर म्हणजे पुढचं प्रकरण आत्याचं होतं, आणि काल आत्या आलीच नाही. तिचे चिरंजीव, आपले साहेब, दारातूनच सांगून गेले की आईला बरं नाही. पुस्तक आणलं नाही. फोन केला तर तोच उचलतो आणि ती झोपलीय म्हणतो. इतका गोड तो जन्मात कधी बोलला नव्हता. तुझ्या कानावर काही आलंय का?

मुलांना माझे लाड सांग, तुला मात्र उत्तर आल्यावरच.
ताई

८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्र वाचून पोट धरून हसलो. अगं, असल्या कादंबऱ्या वाचशील तर उद्या दूधवालाही गळा दाबायला आलाय असं वाटेल.

साहेबाशी माझं परवाच बोलणं झालं. बिचारा मेटाकुटीला आलाय. आत्याची स्मृती गेली म्हणतो. शेजारीण दारात उभी, तर ओळखलं नाही. चहात साखरेऐवजी मीठ. वर्तमानपत्र उलटं धरून बसली होती म्हणे. आता घर त्याच्या नावावर झालं तर पुढे दवाखाना, कागदपत्रं सगळंच सोपं जाईल. येत्या सव्वीसला नोंदणी आहे. साक्षीदार म्हणून मला बोलावलंय, मी हो म्हटलंय. आत्याने आपल्यासाठी काय कमी केलं? तिची सोय लागतेय, लागू दे. तो पुतण्या पुस्तकातला. आपला साहेब आपल्याबरोबर एका ताटात जेवलाय.

लोभ आहेच, तो वाढवताना संशय थोडा कमी करावा.
तुझा धाकटा

१३ मार्च

चि. धाकट्या,
आशीर्वाद, पण हात आखडता घेऊन.

हसून झालं असेल तर बस आणि वाच.

काल सगळ्या जमल्या. पुस्तक आत्याकडे, आत्या घरात, आणि कुणाचं प्रकरण गाळायची मंडळात पद्धत नाही. तेव्हा अख्खं मंडळच उठून तिच्याकडे गेलं. साहेबाने दार उघडलं ते पुस्तक हातात घेऊनच. उंबऱ्यावरून वाटेला लावायचा बेत. मी म्हटलं, बाबा रे, पुस्तक नको, प्रकरण हवंय. आणि सरळ आत शिरले. माझ्यामागून बाकीच्या. एवढ्या बायका एकदम चालून आल्या की भल्याभल्यांची बोबडी वळते.

आत्या खिडकीशी बसली होती. खोलीला ना कुलूप, ना कडी. मी मनात खजील झाले. तिने वर पाहिलं, पण नजर आमच्यातून आरपार गेली. तुझं म्हणणं खरं की काय, असं वाटलं. पण मी हाक मारली मात्र, तशी म्हणाली की आलीस होय गं, ती बाई अजून जिन्यातच ताटकळतेय ना? मागचं सगळं प्रकरण तिने धडाधड सांगितलं, श्वासासकट. पुस्तक पुढे केलं तर म्हणाली, वाचू कशाने, चष्मा दुरुस्तीला गेलाय. साहेब लगबगीने म्हणाला की हो ना, कोपऱ्यावरच्या दुकानात पडलाय, काच मिळत नाही.

आम्ही सगळ्यांनी पलंगाकडे माना वळवल्या. कारण त्या दुकानाची मालकीण आत्याच्या पलंगावर बसली होती. आईच्या मंडळात कोण कोण येतं, हे आजवर साहेबाने कधी विचारलंच नव्हतं. बायका जमून कुचाळक्या करतात एवढीच त्याची समजूत. चष्मेवाली आवाज न चढवता म्हणाली की दुकान माझं, आणि काकूंचा चष्मा काही माझ्याकडे आलेला नाही.

साहेब दुसऱ्या दुकानाचं काहीतरी पुटपुटला. आत्याने एवढंच विचारलं, की मग परवा बोट ठेवून जिथे माझी सही घेतलीस, तो कागद गॅसचाच होता ना?

सव्वीस तारखेचं तिला काहीही माहीत नाही. तुझ्या पत्रातली शेजारीण, मीठ, वर्तमानपत्र पुन्हा एकदा वाच. दिसत नाही याला विसरणं म्हणत नाहीत. आता उरली तुझी सही. कर किंवा दिलेला शब्द मोड.

माया आटलेली नाही, अडून बसली आहे.
ताई

१७ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

साहेबाला कळवलं, मी येत नाही. दुसरा साक्षीदार शोधलास तर नोंदणीच्या कचेरीत आधी मीच उभा असेन, हेही कळवलं. आत्याशी बोललो. तिने विचारलं, तू सही करणार होतास का रे? मी हो म्हटलं. तर म्हणाली की पुढच्या वेळी माझी खुशाली मलाच विचार. ताई, तू चार शिव्या दिल्या असत्यास तर बरं वाटलं असतं.

क्षमा करण्याजोगा वाटलो तर लिहावे.
धाकटा

२८ मार्च

चि. धाकट्या,
अनेक आशीर्वाद, या खेपेला पुरते.

सव्वीस तारीख गेली, कचेरीत कुणी गेलं नाही. तो कागद आत्याने मागून घेतला आणि आमच्यासमोर फाडला. साहेब अजून त्याच घरात आहे. हाकल म्हटलं तर म्हणते, पोटचा आहे. आता चष्मा उशीखाली ठेवून झोपते, आणि स्वयंपाकघरात भांडं वाजलं तरी आधी तो लावते. मला ते बघवत नाही.

चष्मा नवा आहे. चष्मेवालीने बनवला, आणि पैशाचं नाव काढू दिलं नाही. या बुधवारी प्रकरण तिचं होतं. चारचौघींत वाचताना तिची जीभ अडखळते, घाम फुटतो. मी तिच्या मांडीवरचं पुस्तक उचललं, आज मला फार खुमखुमी आलीय म्हटलं, आणि वाचायला लागले.

येत जा, नुसता लिहीत बसू नकोस.
ताई