डाव्या अंगाचे टायर

१ फेब्रुवारी १९८७, रविवार

खाल्ले! एका सकाळीत चारही टायर खाऊन आले हे!

सौंसरच्या पुढं ती जुनी धावपट्टी. विमान तिथं कधी उतरलेलं कोणी पाहिलं नाही. नागपूरचा मोटार क्लब यंदा अधूनमधून रविवारी ती मागून घेतो, ड्रम मांडतो, आणि ज्यानं त्यानं आपली गाडी आणून ड्रमांभोवती पळवायची. बाकीच्यांच्या फियाट. आमची मामंजींच्या काळातली डॉज — नुसती हत्तीण! सगळी वळणं उजवीकडची, म्हणून सगळं वजन डाव्या अंगावर. पुढचा डावा टायर तर चटणीसारखा वाटला जातो. मी हे सांगितलं, तर बघ्यांच्या मांडवात चारचौघांत आमचे हे म्हणतात — "टायरवाल्याची पोरगी! तुले सगळीकडं टायरच दिसते."

हो, आहे टायरवाल्याची पोरगी. सौंसरला बाबांचं रिमोल्डचं दुकान आहे, झिजलेल्या टायरवर नवं रबर चढवायचं. शाळेतून आले की मी तिथंच. लाज कसली वाटायची त्यात?

आता माळ्यावर शेवटचे चार टायर राहिले. या मापाचे आता नागपुरातही मिळत नाहीत. खाल्लेले चार बाबांकडं रिमोल्डला देते, पण या मापाचा साचा मिळून परत यायला दीड महिना तरी लागेल.

३ फेब्रुवारी

आठ मार्चला क्लबवाले बायकांची गाड्यांची शर्यत ठेवून राहिले. डॉक्टरीणबाई स्मिता फियाट घेऊन येणार. परवा धावपट्टीवर खुशीत येऊन आमचे हे स्वतःच बोलून गेले — "आमची छाया डॉज चालवन!" सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. आता शब्द फिरवता येत नाही, म्हणून घरात धुसफूस.

गाडी मी लग्नाआधीपासून चालवते, बाबांच्या जीपवर शिकले. लग्नानंतर सात वर्षं पांढुर्ण्यात स्टिअरिंगला हात लावू दिला नाही. "संत्र्याचे व्यापारी आहो आपण, लोक काय म्हणतील?"

मला ते आठ मार्च पाहिजे. बस. त्यासाठी माळ्यावरचे टायर तोवर टिकले पाहिजेत, एवढंच.

१५ फेब्रुवारी, रविवार

ऐकलं! चक्क ऐकलं यांनी!

काल जेवताना सांगितलं. पहिली चक्कर हळू, रबर गरम होऊ द्यायचं. ब्रेक गाडी सरळ असताना मारायचा, वळणात नाही. दोन चकरा जोरात झाल्या की एक थंड घ्यायची. हवा नेहमीपेक्षा थोडी जास्त. आणि टायरच्या कडेला खडूची रेघ ओढायची, ती किती पुसली त्यावरून टायर किती कलला ते कळतं. हे वरण ओरपत होते. मला वाटलं, गेलं वाऱ्यावर.

आज माळ्यावरचे टायर चढवून तसंच चालवलं. टायर शाबूत, वेळही चांगली आली. मांडवात लोक विचारायला लागले, "विनायकशेठ, एवढी जड गाडी अन् टायर असे राहिले कसे?" तर हे — "डोकं लागते बाप्पा!" आणि माझं एकेक वाक्य, क्रमानं, खडूसकट! मी तिथंच उभी, थर्मासमधून चहा ओतत.

१६ फेब्रुवारी

चहा चांगला झाला होता म्हणे.

२४ फेब्रुवारी

आज उजाडताच डॉज काढली. सासूबाई अंगणात सडा टाकत होत्या. "काहून वं, एवढ्या सकाळी कुठं चालली?" म्हटलं, हवा भरायला. मोहगावच्या रस्त्याला लागले. काय सांगू! जडच आहे ती, पण आधी पाय काढला, मग हळूच वळवली, की गाईसारखी वळते. गाणं म्हणत परत आले.

सासूबाईंनी गाणं ऐकलं असणार. खाली मान घालून रांगोळी काढत होत्या.

१ मार्च, रविवार

आज यांनी परत दणकावली. डावीकडचे दोन्ही टायर गुळगुळीत, उजवीकडचे मात्र चांगले. घरी आल्याबरोबर पदर खोचून यांच्यासमोर बसले आणि बदलून घेतले — चांगले डावीकडं, झिजलेले उजवीकडं. आठ तारखेला पुरतील. पुरतीलच!

७ मार्च

रडू येऊन राहिलं, पण रागानं.

संध्याकाळी अंगणात गेले तर गाडी धुऊन पुसून चकाचक, टायर काळे कुळकुळीत. खाली वाकून पाहिलं — चांगले परत उजवीकडं! झिजलेले डावीकडं! विचारलं तर सरळ म्हणतात, "मांडव आतल्या बाजूले आहे. लोक उजवीकडून पाहतात. टकले टायर दाखवू काय त्याहिले?"

मी म्हटलं, अहो, वजन डावीकडं येतं, तुम्हीच लोकांना सांगत होता ना!

तर म्हणे, "पेटी भरताना चांगली संत्री वर ठेवतेत का खाली? गिऱ्हाईक खालचा थर पाहत नाही, छाया."

जन्मभर हेच केलं या माणसानं. वरचा थर! मलाही तसंच ठेवलंय — हळदीकुंकवाला पैठणी, घरात तोंड बंद.

म्हटलं, जॅक द्या, मी बदलते. तर जॅक आणि पाना संत्र्याच्या ट्रकवर पाठवून दिलेले. ट्रक नागपूरला. डॉजला दुसऱ्याचा पाना लागत नाही.

९ मार्च

काल लिहायला बसलेच नाही.

माझ्या आधी म्हणे, "दोन चकरा मी मारतो, रबर गरम करून देतो तुले." दोनाच्या किती झाल्या कोण जाणे. थांबले तेव्हा मी खाली बसून पाहिलं. पुढच्या डाव्या टायरचा आतला दोरा दिसत होता. पांढरा, हातभर.

म्हटलं, मी नाही चालवत. हा फुटणार.

सगळा मांडव ऐकत होता. हे हसले. "घाबरली! मले ठाऊकच होतं." मग सगळेच हसले. स्मिताबाईही — तोंडावर रुमाल धरून. मला ओरडावंसं वाटलं की या बसून पाहा, दोरा पाहा! कोणी आलं नाही. त्या बाजूला कोणी जातच नव्हतं.

मी यांचा हात धरला. म्हटलं, तुम्हीही जाऊ नका. खरंच धरला होता, घट्ट. हात झटकला. "आमच्या बाईले टायर चालते का नाही, दाखवतोच!" असं लोकांकडं पाहत म्हणाले आणि बसले गाडीत.

दुसऱ्या वळणावर फुटला. ड्रम उडवून गाडी बांधाला धडकली. डॉजला काय होतंय, मडगार्ड वाकलं फक्त. यांचा डावा पाय दोन ठिकाणी मोडला.

दवाखान्यात शुद्धीवर आल्यावर पहिला शब्द — "लोक काय म्हणत होते?"

२० मार्च

डॉक्टर म्हणाले, पाय बरा होईल, पण क्लच दाबायचं विसरा. हे भिंतीकडं तोंड करून पडलेत. मला वाईट वाटतं. आणि वाटत नाहीसुद्धा. दोन्ही खरं आहे.

बाबांनी ते पहिले चार टायर रिमोल्ड करून पाठवले. पैसे घेतले नाहीत.

१२ एप्रिल, रविवार

सकाळी सासूबाईंनी डॉजची चावी माझ्या ओट्यावर ठेवली. "प्लास्तर दाखवाले न्यायचं आहे त्याले. अन् हवा भराले जाताना गाणं मोठ्यानं म्हणत जाऊ नको, वं."

यांना मागच्या सीटवर आडवं घातलं. रामाकोन्याच्या अलीकडचं उजवीकडचं मोठं वळण आलं. मागून आवाज — "हळू घे ना वं. सगळं वजन डाव्या टायरवर येते."

माझंच वाक्य! मी पाय उचलला नाही. झिजू दे!