पाण्यावर चालून आलेला भाचा

तीर्थस्वरूप लिलाधर मामाजींना,

चंदनचा कझाकस्तानातून, दोन स्वेटर आणि एका रजईच्या आतून, साष्टांग नमस्कार. तुमची तब्येत ठणठणीत असेल आणि तशीच राहो. मामीजींचे गुडघे काय म्हणतात? या काळात भाच्याने कागदावर पत्र लिहावं याचं तुम्हाला नवल वाटेल. पण फोनवर आलेला निरोप तुम्ही स्पीकरवर लावून अर्ध्या आंधळगावाला ऐकवता, आणि मग तो सानगडीला आमच्या घरी पोचायला वेळ लागत नाही. म्हणून हे पत्र कोंढ्याच्या रुचिताताईसोबत पाठवतो आहे (ती इथेच माझ्या पुढच्या वर्गात आहे, सुट्टीत घरी येते आहे). एकट्यानेच वाचावं.

मामाजी, मी फार भितो. गावात सगळे मला आत्ताच डॉक्टर म्हणतात, म्हणून हे फक्त तुम्हालाच सांगतो. येताना विमानाचं चाक जमिनीवरून सुटलं तेव्हा मी शेजारच्या परक्या बाईचा हात धरला, तो जेवण आल्यावर सोडला. मुडदा फाडून शिकायच्या पहिल्याच तासाला मी स्वतःच आडवा झालो आणि शिकवणाऱ्या बाईंना क्षणभर कळेना की आज शिकवायचं कुणावर. (हे आईला माहीत नाही.) इथले लोक बसमध्ये हसत नाहीत, पण म्हणून ते रागावलेले असतात असं नाही, हे कळायला मला दोन हिवाळे लागले. तोवर मी दर तिकीट तपासणाऱ्याला आधी पासपोर्ट, मग कॉलेजचं कार्ड आणि शेवटी तिकीट दाखवत आलो. पण हे सगळं किरकोळ. खरी भीती मागच्या रविवारी तलावावर वाटली.

तुम्ही म्हणाल, मासे धरणाऱ्या ढिवराच्या पोराला तलावाची कसली भीती? मलाही तसंच वाटत होतं. ताजा मासा खाऊन वर्ष झालं होतं (दुकानातला मासा आपण कधी मेलो हे स्वतःच विसरलेला असतो), म्हणून हॉस्टेलच्या चौकीदाराने सांगितलेल्या तलावावर गेलो. पाहतो तर पाणी नाहीच. पांढरं मैदान, आणि त्याच्या मधोमध माणसं पेट्यांवर बसून बर्फाला पाडलेल्या भोकांत गळ सोडून बसलेली. आपल्या तलावात निदान पोहता तरी येतं. हे पाणी पायाखाली दबा धरून होतं. आणि तिथे सवय नडली. पाण्यात पाय टाकण्याआधी ओंजळभर पाणी कपाळाला लावायचं, ही बाबांची शिकवण. ओंजळीत काही येईना, म्हणून मी गुडघे टेकून कपाळच बर्फाला लावलं. कपाळाला भीतीने घाम फुटलेला. तो गोठला आणि मी चिकटलो. तेवढ्यात खालून बर्फ तडतडला (तो रोजच तडतडतो म्हणे). मी हातपाय पसरून तिथेच आईला हाका मारल्या.

एका म्हाताऱ्या मासेमाराने थर्मासमधला चहा ओतून मला सोडवलं, मासे न्यायच्या घसरगाडीवर बसवलं आणि काठाकडे ओढत नेलं. सगळे हसत होते, मीही हसत होतो. पण म्हातारा थोडं ओढून थांबायचा, वाकून श्वास घ्यायचा. त्याच्या बुटांच्या नाड्या बांधलेल्याच नव्हत्या, पाय आत मावत नव्हते. काठावर मी खुणेने विचारून त्याच्या नडगीवर अंगठा दाबला. अंगठा उचलला तरी खड्डा तसाच राहिला. हे आम्हाला यंदाच शिकवलं: पायाला सूज आणि थोड्या श्रमाने दम, म्हणजे हृदय थकत चाललं असू शकतं. त्याच्या मुलीला मी मोडक्या रशियनमध्ये सगळं सांगितलं, तिने त्याला दवाखान्यात नेलं. आता बरा आहे. मला मोठा मासा पाठवला.

तर माझी काळजी नसावी. मामीजींना नमस्कार, लहानांना आशीर्वाद.

तुमचा आज्ञाधारक आणि कपाळ सोललेला भाचा,
चंदन

ता. क. काळजी मलाच आहे. परवा व्हिडिओ कॉलवर बाबांनी फोन असा टेकवला की मला त्यांचे पायच दिसत होते. सुजलेले. चपलेचा पट्टा कापून मोकळा केलेला. विचारलं तर म्हणे चप्पल आटली. जाळं ओढताना मधेच काठाला, तलावाच्या पाळीवर, बसावं लागतं, हे आई बोलून गेली. मी भंडाऱ्याला जाऊन दाखवा म्हटलं, तर म्हणाले, "घरचा डॉक्टर तयार होऊन राहिला ना! दुसऱ्याले कायले दाखवू? तू ये, मंग पाहू." मामाजी, मला डॉक्टर व्हायला अजून तीन वर्षं आहेत. डोळे मिटले की तो खड्डा दिसतो.

आणखी ता. क. स्वतःसाठी बाबा दवाखान्याची पायरी चढणार नाहीत, पण साळ्याला, म्हणजे तुम्हाला, एकटं जाऊ देणार नाहीत. (तुमचं ॲपेंडिक्स काढलं तेव्हा ते तुमच्या खाटेखाली झोपले होते.) म्हणून तुम्ही आजारी पडा. छाती धडधडते, एकट्याने जायची भीती वाटते म्हणा. पेशंट कोण असं डॉक्टरांनी विचारलं की बाबांना पुढे करा. रुचिताताई दाराशी उभी राहील, म्हणजे ते पळणार नाहीत. वर तुमची तब्येत ठणठणीत राहो असं लिहिलं आहे, ते त्या दिवसापुरतं मागे घेतो.

शेवटची ता. क. मंडईच्या जत्रेतल्या नाटकात तुम्ही करता त्या राजाला मरायला अर्धा तास लागतो. इथे तेवढं लांबवू नका, बाबा घाबरतील. दाखवत नाहीत, पण माझी भीती त्यांच्याकडूनच आली आहे. तपासायला आत नेतील तेव्हा त्यांचा हात धरा. जेवण येईपर्यंत सोडू नका.