फिल्म कोणी धरायची

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, निवृत्त एक्स-रे टेक्निशियन, पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय हे मृत्युपत्र लिहिते. डोकं ठिकाणावर आहे. थोरल्याला शंका असल्यास त्याने डॉक्टरांना विचारावं.

१. राहतं घर थोरला आणि धाकटी यांना निम्मं निम्मं. रस्त्याकडची भिंत मात्र सामाईक. तिची वाटणी करू नये.

२. बँकेतली ठेव धाकटीला, कारण कलेवर तिचं पोट भरत नाही. माझं कपाट, आतल्या वस्तूंसकट, थोरल्याला.

३. यांची खुर्ची घरातच राहावी. कारखाना बंद पडल्यावरही हे रोज डबा भरून घ्यायचे आणि भोंगा वाजेल म्हणून दारात खुर्ची टाकून बसायचे. गेले तेही तिथेच. धाकटीने जुन्या एक्स-रे फिल्ममध्ये त्या खुर्चीची आकृती कापली, वर नुसता डबा, आणि रंग फवारून कारखान्याच्या भिंतीवर उमटवली. वर्तमानपत्राने लिहिलं, बेकारीचं प्रतीक. शेजारचे किराणेवाले म्हणाले, "छे हो, ही मंत्र्याची खुर्ची!" ते साक्षीदार आहेत, म्हणून वाद घालत नाही.  थोरल्याने मात्र वडिलांना ओळखलं होतं. पण ती जागा घेणाऱ्या बिल्डरकडेच त्याची नोकरी, त्यामुळे भिंत त्यालाच पांढरी करून घ्यावी लागली. घरी येऊन बहिणीला म्हणाला, "आईला या वयात मान खाली घालायला लावलीस. आजपासून तू माझी कोणी नाहीस." तेव्हापासून दोघांत अबोला आहे.

४. थोरल्या, आता ऐक. फवारताना फिल्म भिंतीला घट्ट दाबून धरावी लागते, नाहीतर रंग कडेने आत शिरतो. एकट्याचं काम नाही ते. पोलीस चौकीत तिला दिवसभर विचारत होते, "सोबत कोण होतं?" पोरीने ब्र काढला नाही. मी सांगायला गेले, तर तिने माझ्यावरच डोळे वटारले. सोबत मी होते, बाळा. दूध आणायला म्हणून निघालो होतो. मान खाली नाही गेली माझी, चांगली ताठ होती.

५. ती फिल्म कपाटात माझ्या कपड्यांखाली आहे, म्हणजे तुझीच झाली. आपल्या भिंतीवर खुर्ची पुन्हा उमटवावी. भिंत आपली, परवानगी माझी. रंग धाकटीने फवारावा, फिल्म थोरल्याने धरावी.

साक्षीदार: १. शेजारचे किराणेवाले (सही) २. आमचे डॉक्टर (सही)

ठिकाण: राहतं घर, रस्त्याकडची खोली
दिनांक: ४ मार्च, रविवार, दोघांनाही सुट्टी

(सही) आई

ता.क. सही वाकडी आली आहे. हात थरथरतो, फिल्म आता मला धरवत नाही. म्हणून बाकीची कलमं माझ्या मागे, पाचवं मात्र आजच. मला बघायचं आहे.