कलाचं पोट दुखत नव्हतं

मी, सहदेव किसन गवई, वय ६६, धंदा सुतारकी, राहणार उंद्री, ता. चिखली, जि. बुलडाणा, कोणाच्याही धाकाशिवाय व पुरत्या शुद्धीत हे मृत्युपत्र लिहून ठेवतो. शुद्धीचा डॉक्टरी दाखला सोबत आहे. तो का जोडला, ते खाली येईल.

१. राहतं घर व बँकेतली शिल्लक माझी एकुलती एक मुलगी सुवर्णा हिला मिळावी.

२. भाऊ दीपक याला काही नाही. २०१९ साली माझी बायको कला आठ महिने आजारी होती. जेवण सुटलं, झोप गेली, वेणी घालायचंही बळ उरलं नाही. "मले जगू नाही वाटत," असं ती मला दोनदा म्हणाली. दीपक म्हणाला, "नाटकं हायेत. कामाले लाव तिले." बोलला तो, पण ऐकलं मी. मी पित्ताच्या गोळ्या आणून दिल्या. ऑगस्टमध्ये तिने जीव दिला. लोक नावं ठेवतील म्हणून मी जबाबात 'पोटदुखीला कंटाळून' असं लिहून दिलं. कलाचं पोट कधीच दुखत नव्हतं. सुवर्णा, हे तुला तोंडावर सांगायची माझी हिंमत झाली नाही.

३. मार्च २०२२ मध्ये केलेलं मृत्युपत्र मी रद्द करतो. त्यात 'मन स्थिर आहे' असं लिहिलं होतं. नव्हतं; म्हणूनच या वेळी डॉक्टरी दाखला जोडला. महिनाभर डोळ्याला डोळा लागत नव्हता, काम बंद होतं. ते मृत्युपत्र झाल्यावर मी रंधा, करवत, पटाशा पिशवीत भरून राजकुमारकडे गेलो. तो माझा चाळीस वर्षांचा जोडीदार. गावातल्या किती दारांच्या चौकटी आम्ही मिळून बसवल्या. त्याने पिशवीला हात लावला नाही.

"काऊन वाटून राह्यला बे सगळं?"

"आता मले काय कामाचं?"

तो माझ्यासमोर येऊन बसला. "सहदेव, खरं सांग. जीव द्यायचं मनात हाये का?"

इतकं सरळ मला कोणी विचारलं नव्हतं. मी "हाव" म्हणालो आणि रडलो. त्याने मला घटकाभरही एकटं सोडलं नाही. त्याच दिवशी एसटीने बुलडाण्याला मनाच्या डॉक्टरकडे घेऊन गेला.

४. ती सगळी अवजारं राजकुमारला. माझ्या मरणानंतर, आधी नाही.

५. हे कलम वाटणीइतकंच बंधनकारक समजावं. घरात कोणाची दोन आठवडे झोप-भूक हरवली, कशातच जीव रमेना, तर दवाखाना गाठावा. कोणी मरणाचं बोलू लागलं, आपल्या वस्तू वाटू लागलं, तर त्याच दिवशी, त्याला सोबत घेऊन. आणि सरळ विचारावं. विचारल्याने कोणी मरत नाही. न विचारल्याने काय होतं, ते मी पाहिलं आहे.

६. मी पूर्ण बरा झालो असं लिहिणार नाही. गोळ्या चालू आहेत. मागच्या मंगळवारी सकाळपासून तेच विचार परत आले. दुपारी मी सुवर्णाला फोन लावला. "पोरी, आज मले एकटं ठेवू नको." ती चिखलीला शिक्षिका आहे; शाळा अर्धी टाकून आली. असा फोन मी जन्मात पहिल्यांदा केला.

वरचं सगळं स्वतः वाचून, दोन्ही साक्षीदारांसमोर सही केली.

सही: सहदेव किसन गवई

साक्षीदार:
१. डॉ. पायल देशमुख, बुलडाणा
२. मंजुळाबाई तायडे, शेजारीण, उंद्री

ठिकाण: उंद्री
दिनांक: १२ फेब्रुवारी २०२५