हातानं वाचलेलं कार्ड

धामणगाव बढे,
१२ मार्च १९३८

प्रिय गोजर,

तुझं कार्ड पोचलं. नागपूरच्या मुक्याबहिऱ्यांच्या शाळेत धाकट्या पोरींले शिकवायले तुले बसवलं, हे वाचून मी आधी शेजारच्या जमीलाले गाठलं अन कार्ड दाखवलं. तिची फातिमा तुझ्यासारखीच जन्माची बहिरी, आठ वर्षांची. पाव्हणे आले की जमीला तिले आतल्या खोलीत बसवते. मी काय बोलू? तुलेबी मी तसंच बसवलं होतं.

बुलढाण्याले अशीच सरकारी शाळा काढावी का, हे विचारायले परवा जिल्हा कौन्सिलचे मेंबर चावडीवर आले. उकंडराव पाटील म्हणे, मुक्यांले शाळा कायले, म्हशीले आरसा कायले! मले राहवलं नाही. तुझं कार्ड मेंबरापुढं ठेवलं. ते म्हणे, हे मास्तरनं लिहून दिलं असंल. तुले तरी वाचता येते का, बाई? वाच.

मी वाचलं. पण मले शिकवलं तू, सुट्टीत, परातीतल्या पिठात बोटानं. 'पाणी' काढायची अन ओंजळ दाखवायची. मी तसंच वाचते, ओठ मिटलेले अन हात चालू. पाणी आलं की ओंजळ, माय आलं की कुंकवाच्या जागी बोट. सगळं कार्ड झालं तरी तोंडातून शब्द नाही. पाटील ओरडले, अबे, ही बी मुकी हाय का!

मंग मी तोंड उघडलं. म्हटलं, पाटील, मी बोलायले लागले तर तुम्हीच कान झाकाल. चाळीस वर्षांत एकाही मास्तरनं मले अक्षर शिकवलं नाही, माझ्या मुक्या पोरीनं दोन सुट्ट्यांत शिकवलं. तशी मागून जमीला पुढं आली, म्हणाली फातिमाचं नाव लिहून घ्या. तिच्यामागं आणखी सहा नावं निघाली. एवढी पोरं इथंच होती, अन आपण सगळ्यांनी लपवलेली! लाज वाटली, अन तुझ्यापायी छातीही फुगली.

मेंबर म्हणे, पोरं झाली, पण शिकवायले बुलढाण्याले येईल कोण? मी तुझं नाव सांगून टाकलं. तुले विचारलं नाही, खरं हाय. आता त्यांले तुझ्या हातचा होकार पाहिजे, नाहीतर शाळेचा कागद पुढं जात नाही. म्हणून हे पत्र. नागपूर सोडायचं नसंल तर तसं लिही. मी रागावीन, पण जे लिहिशील तेच मेंबराले दाखवीन.

घाईतली, तुझीच
माय