दारावरच्या दिव्याची कैफियत

मिशिगन,
९ नोव्हेंबर

प्रिय कॉरी आत्या,

"दारावरचा दिवा बंद आहे, म्हणजे आपण घरी नाही," असं तू मला म्हणालीस तेव्हा मी सात वर्षांची होते. हॅलोविनची, तुझ्या मते सैतानाच्या सणाची, संध्याकाळ होती, मी तुझ्या स्वयंपाकघरात तुझ्या शेजारी जमिनीवर बसले होते आणि बाहेर वेष घेऊन खाऊ मागणारी मुलं दार वाजवत होती. आपण घरी आहोत हे तुला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं, आणि दार वाजवणाऱ्या मुलांनाही ठाऊक असणार, कारण तुझा ओव्हन चालू होता आणि दालचिनीचा वास पार रस्त्यापर्यंत जात होता. तुला आयुष्यात कधी खोटं चाललं नाही. त्यामुळे हे एक वाक्य तुझ्या बाकीच्या वाक्यांमध्ये कुठे बसवावं, ते मला अजून कळलेलं नाही.

पण आधी रीत पाळते. प्रभूची शांती तुझ्यासोबत असो आणि तुझ्या डाव्या गुडघ्यासोबतही, कारण थंडी सुरू झाल्यापासून तो पुन्हा रुसला आहे असं मार्लिस सांगत होती. इकडे आम्ही तिघं बरे आहोत. तुझ्या जावयाच्या, डर्कच्या, मानेची सूज उतरली. ॲनिकाचा खोकला गेला. तुझं कार्ड मिळालं. त्यात हवामानाबद्दल एक अक्षर नव्हतं, तेव्हाच मी खुर्ची ओढून बसले. (आईच्या दफनाच्या दिवशीसुद्धा तू मला लिहिलेल्या चिठ्ठीत वारा पश्चिमेचा होता.) उरलेल्या दोन ओळी मला आता पाठ झाल्या आहेत: ज्या घराने त्या रात्री दारावरचा दिवा लावला, त्या घरी तू थँक्सगिव्हिंगला जेवणार नाहीस, आणि तुझी ॲपल-पायची थाळी मी मार्लिसच्या हाती परत पाठवावी.

मार्लिसने तुला काय सांगितलं असेल याची मला कल्पना आहे. ती माझी चुलतबहीण आहे आणि माझं तिच्यावर प्रेम आहे, पण तिने कुठलीही गोष्ट सांगायला घेतली की शेवट आधी येतो आणि कारण कधीच येत नाही. म्हणून कारण मी सांगते. सगळं सप्टेंबरात सुरू झालं, जेव्हा चर्चच्या पंचमंडळाने मला हॅलोविन समितीत घातलं. तिला हॅलोविन समिती म्हणायचं नाही, कापणीच्या सणाची समिती म्हणायचं, असा ठराव पहिल्या बैठकीत झाला. त्या बैठकीत दुसरं काहीच झालं नाही.

दुसऱ्या बैठकीत भोपळा आला. न कापलेला भोपळा हे देवाचं दान आहे यावर सगळ्यांचं एकमत होतं. डोळे आणि दात कोरलेला भोपळा विधर्मी, यावरही होतं. भांडण मधल्या भोपळ्यांवरून झालं. क्रूस कोरला तर चालेल का? मासा? पंचमंडळाचे प्रमुख हार्लन डेव्रीस म्हणाले की मासा चालेल, ती आद्य ख्रिस्ती लोकांची खूण आहे. मग डर्कने घरी बसून मासा कोरला. तुला डर्कचा हात माहीत आहे. माशाला त्याने खवले कोरले, कल्ले कोरले, आणि आत मेणबत्ती लावल्यावर ते सगळं इतकं भयंकर दिसायला लागलं की शेजारच्यांच्या सांगाड्यांपुढून हसत जाणारी मुलं आमच्या माशापुढे रडली. मी विचारलं की पाळकसाहेबांचं यावर काय मत आहे. पाळकसाहेब म्हणाले की प्रत्येक कुटुंबाने आपापल्या सदसद्विवेकबुद्धीला विचारावं. आत्या, मी तिला विचारलं. ती म्हणाली, पाळकांना विचार.

पुढचा ठराव असा की मुलांना चर्चच्या पटांगणात गाड्यांच्या डिक्यांतून खाऊ वाटायचा (हे दरवर्षीचंच), पण यंदा प्रत्येक डिकी आणि प्रत्येक पोशाख बायबलमधलाच हवा, आणि हॅलोविनच्या तारखेशी, ३१ ऑक्टोबरशी, आपला संबंधच नको म्हणून सण आदल्या शनिवारी करायचा. या शेवटच्या कलमाकडे मी तेव्हा नीट लक्ष दिलं नाही. मी थकले होते.

शनिवारी पटांगणात जलप्रलयातल्या नोहाची जहाजं सोडून दुसरं काही दिसेना. नोहा सोपा पडतो ना, घरातली कापडी जनावरं डिकीत ओतली की झालं. तरी हार्लनसाहेबांनी नोहा केला नाही. ३१ ऑक्टोबर हा धर्मसुधारणेचा दिवस आहे, हे लोक विसरत चालले आहेत म्हणून त्यांनी मुलांच्या हाती हातोड्या आणि कागद दिले, लूथरने त्या दिवशी पोपविरुद्धचे मुद्दे चर्चच्या दारावर ठोकले तसे ठोकायला. ठोकायला लाकडी फळी ते घरीच विसरून आले. मुलांनी आसपास लाकूड शोधलं. चर्चचं नवीन ओकचं दार, ज्याच्यासाठी आम्ही दोन वर्षं केक विकले, ते तू पुढच्या वेळी येशील तेव्हा बघशीलच. (हार्लनसाहेब अजून म्हणतात की तत्त्वतः मुलांचं बरोबर होतं.)

आणि डर्क. डर्कला नोहा व्हायचं नव्हतं. त्याने ईयोब व्हायचं ठरवलं, सगळं गमावून अंगभर फोडांनिशी राखेत बसलेला आणि तरी सगळं सहन करणारा, कारण त्याच्या मते ईयोबाची कुणीच दखल घेत नाही. डिकीत त्याने आमच्या शेगडीतली राख पसरली, अंगात गोणपाट घातलं, आणि फोडांसाठी अंगभर स्ट्रॉबेरीचा जॅम लावला. तुझाच जॅम, जुलैतला. मी म्हटलं, अरे, लाल रंग लाव. तो म्हणाला, जॅमला उठाव येतो. यंदाचा ऑक्टोबर भलताच उबदार, आणि शेजारच्या डिकीत सफरचंदाचा रस वाटत होते. पहिली गांधीलमाशी आली तेव्हा डर्क हसला. मग त्या सगळ्या आल्या. तो ओरडायला लागला, राखेत लोळायला लागला, आणि जमलेली मंडळी कौतुकाने टाळ्या वाजवत राहिली. हार्लनसाहेबांची बायको माझ्या कानाशी म्हणाली की इतका मनापासून केलेला ईयोब तिने पाहिला नव्हता, फक्त थोडा उदास वाटतो. मी ईयोबाच्या बायकोच्या वेशात बाजूला उभी होते, आणि त्या बाईने नवऱ्याला 'देवाला शाप द्या आणि मरा' असं जे सुनावलं ते मला त्या क्षणी पूर्ण पटलं.

परतीच्या वाटेवर डर्क मागच्या सीटवर मानेला बर्फ धरून पडला होता. ॲनिका माझ्या शेजारी, देवाने मिसरावर धाडलेल्या पीडेतल्या बेडकाच्या पोशाखात. ती म्हणाली, "आई, सण तर झाला. मग खऱ्या हॅलोविनला यंदा आपण कुठे जाऊन घरी नसायचं?"

इतकी वर्षं त्या संध्याकाळी आम्ही चर्चच्या पटांगणात असायचो. घर अंधारात असायचं, आणि ते खरंच रिकामं असायचं. शनिवारच्या ठरावाने आमची ती पळवाट बुजवली होती.

तरी मी प्रयत्न केला, हे मार्लिसने तुला सांगितलं नसणार. ३१ला मी दारावरचा दिवा लावला नाही. तू करायचीस तसंच केलं. तिघं स्वयंपाकघरात बसलो, दालचिनीची बिस्किटं ओव्हनमध्ये टाकली, आणि मी बॅटरीच्या उजेडात स्तोत्रं वाचायला घेतली. तुला एक सांगू का? त्या जुन्या संध्याकाळी मला वर्षातल्या सगळ्यात आवडत्या संध्याकाळी वाटायच्या. तुझा हात माझ्या डोक्यावर, तुझा आवाज, आणि बाहेर कुणीही असो, आत तू आहेस. आई गेल्यानंतर मला अंधाराची भीती वाटायची बंद झाली ती त्या जमिनीवर. मला ॲनिकाला तेच द्यायचं होतं. पण ॲनिका अंधारात स्तोत्र ऐकतच नव्हती. ती दाराकडे कान लावून बसली होती आणि पावलांवरून कोण आलं ते ओळखत होती. हे जुळे. ही कोपऱ्यावरची. मग एक अगदी बारीक आवाज आला, "इथे वाजवू का?" आणि पुरुषाचा आवाज आला, "नको गं. या घरी नसतंच कुणी. चल."

मी उठले आणि दिवा लावला. मी फार विचार केला असं सांगितलं तर ते खोटं ठरेल. शेजाऱ्यावर आपल्यासारखी प्रीती करा हे तूच मला शिकवलंस, आणि शेजारी वर्षातून एकदाच आपल्या पायांनी आमच्या दारापर्यंत चालत येतात, तेव्हाच आम्ही दिवा घालवून बसतो, एवढंच त्या घडीला मला दिसलं.

दारात गल्लीतल्या तिसऱ्या घरातला ट्रॉय उभा होता. त्याचा ट्रक दुरुस्तीचा धंदा आहे, एवढंच मला त्याच्याबद्दल माहीत होतं. सोबत त्याची सहा वर्षांची हेझेल, अंगात काळा झगा, डोक्यावर उंच टोकदार टोपी. होय आत्या, चेटकीण. ट्रॉयने टोपीचं टोक चुकवत माझ्याशी हात मिळवला आणि अगदी आपुलकीने विचारलं, "नवीन राहायला आलात का?"

आम्ही या घरात अकरा वर्षं राहतो. मी म्हटलं, "हो, तसंच समजा."

घरात खाऊ नव्हता, कारण दिवा लावायचाच नव्हता. म्हणून तिला पर्समधल्या पेपरमिंटच्या गोळ्या दिल्या, रविवारी प्रवचनात चघळायच्या. मग मागून आणखी मुलं आली, मग आणखी, आणि डर्क मान तिरकी धरून गाडीच्या डिकीतून शनिवारच्या उरलेल्या चॉकलेटच्या पिशव्या घेऊन आला. त्यांवर ईयोबाची राख होती. मुलांना ती सजावट वाटली. मी सांगाडा टांगला नाही, कवटी ठेवली नाही, कुणाला घाबरवलं नाही. पायरीवर फक्त दिवा होता आणि ॲप्रन घातलेली मी. (आणि डर्कचा मासा, पण त्याला पंचमंडळाची मंजुरी आहे.) सैतानाला यात काही मिळालं असेल तर ते मला दिसलं नाही. मला मात्र पुष्कळ माणसांची नावं मिळाली.

हे सगळं वाचून तू चष्मा काढून टेबलावर ठेवला असशील, हे मला इथून दिसतंय. मी तुझ्याशी वाद घालत नाही. तुझ्या मनाला जे पटत नाही ते तू करू नयेस. पण तू मला वाढवलंस, आत्या, आणि तुझ्या खुर्चीवर दुसरं कुणी बसलेलं मला थँक्सगिव्हिंगच्या टेबलावर बघवणार नाही. रिकामी खुर्ची तर त्याहून बघवणार नाही. थँक्सगिव्हिंगच्या आदल्या दिवशी, बुधवारी, डर्क गाडी घेऊन येईल. तू दार उघडलं नाहीस तर तो तिथेच बसून राहील. अलीकडे त्याला सहन करायची चांगली सवय झाली आहे.

तुझी,
मिरियम

ता. क. पायची थाळी मी मार्लिसकडे दिलेली नाही. थाळी हवी असेल तर तुला यावं लागेल.

ता. क. २. जुलैचा जॅम संपला. कसा संपला ते वर आलंच आहे.

ता. क. ३. खरी गोष्ट शेवटी लिहिते, कारण वर लिहायचा धीर झाला नाही. ट्रॉय आणि हेझेलही थँक्सगिव्हिंगला आपल्याकडे जेवायला येत आहेत. मी बोलावलं. तुझी खुर्ची हेझेलच्या शेजारी मांडणार आहे, कारण ती प्रौढ माणसांपैकी फक्त शांत माणसाजवळ बसते, आणि आपल्याकडे तसं दुसरं कुणी नाही.

ता. क. ४. ती टोपी घालून येईल. एप्रिलात तिची आई गेली. त्याआधी अंथरुणात बसून तिने ती टोपी शिवली, पोरीच्या डोक्याला पुढच्या वर्षीही बसेल अशी जरा मोठी. हेझेल ती शाळेत काढत नाही, झोपताना काढत नाही, जेवतानाही काढत नाही. तुझ्या टेबलावर आजवर कुणी टोपी घालून बसलेलं नाही, आणि प्रार्थनेच्या वेळी तर नाहीच, हे मला माहीत आहे. पण प्रार्थना करताना बाईने डोकं झाकावं असं बायबलमध्ये पौलाने करिंथकरांना स्पष्ट लिहिलं आहे, तू स्वतः जन्मभर ते पाळलंस, आणि टोपीचा आकार कसा असावा याबद्दल त्याने काही लिहिलेलं नाही. तू नाही म्हणशील याची मला जवळजवळ खात्री आहे. तरी विचारते. ये, तिच्या शेजारी बस, तुझी ती लांब डच प्रार्थना म्हण, आणि तिला टोपी काढायला सांगू नकोस.